चानकी

आमची आई भाकरी थापायला बसली की शेवटचा गोळा नेहमी लहान असायचा. परातीच्या कडेला चिकटलेलं पीठ ओल्या हातानं गोळा करायचं आणि त्याची तळहाताएवढी भाकरी थापायची. हिला आमच्याकडं चानकी म्हणतात. आम्ही लहान होतो तेव्हा ती चानकी आमची असायची. पुढं पोरं मोठी झाली, शिकायला, पोटापाण्याला बाहेर पडली आणि चानकी दारातल्या कुत्र्याची झाली. कुत्री बदलत गेली, चानकी राहिली.

शेवटची चानकी खंड्याची. त्याच चानकीवरून मी आणि आई अठरा दिवस एकमेकांशी धड बोललो नाही. आणि पाच वर्षं दोघांनीही तोंडातून न काढलेली एक गोष्ट त्या चानकीनंच बाहेर काढली. ती गोष्ट नीट सांगावी म्हणून हे लिहायला बसलोय.

खंड्या आमच्या घरी आला 2007 च्या पौषात. तात्या पालीच्या खंडोबाच्या जत्रेला गेले होते. येताना धोतराच्या सोग्यात एक तांबूस पिलू घेऊन आले. "वाटंत मागं लागलं. देवानंच धाडलंय म्हनायचं," म्हणाले. खंडोबाच्या जत्रेतनं आलेला म्हणून खंड्या. तात्या रानात गेले की हा पुढं, तात्या बाजेवर आडवे झाले की हा बाजेखाली. तात्या 2013 साली गेले. त्यानंतर कितीतरी दिवस खंड्या रिकाम्या बाजेखालीच झोपायचा. आईनं ती बाज मोडू दिली नाही. "त्यो कुठं जाईल?" एवढंच म्हणाली.

2018 साली आमच्या माण तालुक्यात पाऊस असा झालाच नाही. दिवाळीच्या आधीच विहिरींनी तळ दाखवला. गावात टँकर सुरू झाले. घरात हंडे मोजून भरायचे, तांब्या मोजून वापरायचा. अशा दिवसांत आईच्या लक्षात आलं, की खंड्याची पाटी सारखी रिकामी होतीय. आधी वाटलं, दुसरी कुत्री येऊन पीत असतील. मग तिनं पाळत ठेवली. खंड्याच पीत होता. भरली पाटी घटाघटा संपवायचा आणि पुन्हा आईच्या तोंडाकडं बघायचा. रात्री दोन-दोनदा दार खरवडून बाहेर जायचा. अंग उतरलं होतं, पाठीचा कणा हाताला लागायचा. तोंडाला घाण वास यायला लागला होता.

पाऊस झाला असता, विहीर भरलेली असती, तर कुत्रा किती पाणी पितोय हे आमच्या ध्यानातही आलं नसतं. दुष्काळानं आम्हाला त्याचा आजार दाखवला.

तालुक्याच्या गावी जनावरांच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी रक्त काढून तपासायला पाठवलं. चार दिवसांनी कागद आला. क्रिएटिनिन 3.4. माझ्या पोटात गोळा आला. तो शब्द आमच्या घराला नवा नव्हता. तात्यांच्या फायली त्याच शब्दानं भरलेल्या होत्या.

बाईंनी आईला समजेल असं सांगितलं. "आजी, मूत्रपिंडात लाखो बारीक गाळण्या असतात. त्यातल्या दोन तृतीयांश निकामी झाल्या तरी जनावर काही दाखवत नाही. उरलेल्या गाळण्या जास्तीचं काम ओढतात. आपल्याला कळतं तेव्हा बरंच गेलेलं असतं. गेलेलं परत येत नाही, उरलेलं जपायचं."

"कशानं झालं वं ह्ये?" आईनं विचारलं.

"वय आहे. कधीकाळी गोचिडीचा ताप येऊन गेला असेल. पुष्कळदा कारण सापडतच नाही."

मग पथ्य सांगितलं. पाणी मात्र कधी तोडायचं नाही. तो पितो कारण त्याच्या मूत्रपिंडाला आता पाणी धरून ठेवता येत नाही. हाडं बंद, मटणाचा रस्सा बंद, कलेजी बंद, दूध बंद. मीठ नाही. कांदा-लसूण तर धडधाकट कुत्र्यालाही घालू नये, त्यानं रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. मुख्य वैरी फॉस्फरस. हाडांत, दुधात, कलेजीत, अंड्याच्या पिवळ्या बलकात तो भरपूर असतो. मूत्रपिंडाला तो बाहेर टाकता येत नाही, मग तो रक्तात साठतो आणि उरलेल्या गाळण्याही खातो. भाकरीबद्दल मी विचारलं. ज्वारी-बाजरीतही तांदळापेक्षा फॉस्फरस बराच जास्त, त्यामुळं तीही नको.

आई सगळं ऐकून घेत होती. शेवटी म्हणाली, "म्हंजे ह्यानं खायाचं तरी काय?"

माझी थोरली मुलगी पुण्यात नोकरीला. तिनं मूत्रपिंडाच्या आजाराच्या कुत्र्यांसाठी मिळणाऱ्या तयार खाद्याची पिशवी पाठवली. तिनं बरंच वाचलं होतं. 2002 साली अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातल्या पशुवैद्यांनी अशाच आजाराच्या 38 कुत्र्यांवर अभ्यास केला होता. काहींना पथ्याचं खाद्य दिलं, काहींना नेहमीचं. पथ्यावरच्या कुत्र्यांना अंगात विष चढण्याचे झटके कमी आले आणि ती जास्त दिवस जगली. मला एवढं बस्स होतं. मी मास्तर माणूस. छापलेल्या आकड्यावर माझा विश्वास बसतो. मी वाटीला खूण केली, सकाळी एवढं, संध्याकाळी एवढं, असं आईला बजावलं आणि शाळेत निघून गेलो.

खंड्यानं दोन दिवस ते खाद्य खाल्लं. तिसऱ्या दिवशी हुंगलं आणि तोंड फिरवलं. त्याच संध्याकाळी आई भाकरी थापत होती. नेहमीच्या वेळी तो चुलीपाशी येऊन बसला. पुढचे दोन पाय जुळवलेले, नजर परातीवर. अकरा वर्षं तो असाच बसत होता. आईनं शेवटचा गोळा केला, थापला, तव्यावर टाकला. मी म्हणालो, "आई, नाही द्यायची." तिनं ती चानकी दुरडीत ठेवली. खंड्या दुरडीकडं बघत राहिला. मग माझ्याकडं बघितलं. मग बाजेखाली जाऊन पडला.

पुढं आठ-दहा दिवस वाटी रिकामी दिसायला लागली. मला बरं वाटलं. पण महिन्यानं पुन्हा रक्त तपासलं तर आकडा 4.1. वर उलट्याही सुरू झालेल्या. बाईंनी विचारलं, "बाहेरचं काही खातोय का?" मी म्हणालो, "छे, पथ्य कडक आहे." आई जमिनीकडं बघत होती.

तिथंच कळलं. खाद्य शेजारच्या कोंबड्या खात होत्या आणि खंड्या दुधात कुस्करलेली चानकी.

येताना गाडीत मी बोललो. बोलायला नको होतं, पण बोललो. "आई, तुला माया कशाला म्हणतात हे कळत नाही. तात्यांनाही तू असंच..." पुढचं वाक्य मी गिळलं. पण जे जायचं ते गेलं होतं.

तात्यांची मूत्रपिंडं साखरेनं गेली होती. शेवटचं दीड वर्ष आठवड्यातून दोनदा डायलिसिस. त्यांच्याही पथ्याचा तक्ता मीच लिहून स्वयंपाकघराच्या भिंतीवर चिकटवला होता. मीठ किती, पाणी किती, काय अजिबात नाही. आणि एकदा मी अवेळी घरी आलो तेव्हा आई तात्यांच्या ताटात भाकरीवर खरडा वाढत होती. हिरव्या मिरच्या, लसूण, जाडं मीठ. मला बघून दोघं चोरी पकडल्यासारखी गप्प झाली. मीही काही बोललो नाही. त्यानंतर चार महिन्यांत तात्या गेले. खरड्यानं गेले असं कुठल्या डॉक्टरनं म्हटलं नाही, कुणी म्हणणारही नाही. पण माझ्या मनात ते ताट राहिलं. आईच्याही मनात राहिलं असणार. पाच वर्षं ते आमच्या दोघांच्या मधे पडून होतं आणि मी ते गाडीत उघडलं.

आई घरी आल्यावर एवढंच म्हणाली, "आजपासनं तूच घाल त्येला." आणि अठरा दिवस तिनं खंड्याच्या वाटीला हात लावला नाही. माझ्याशी बोलली ती कामापुरतं. चानकी थापणंही तिनं बंद केलं. परातीतलं पीठ शेवटच्या भाकरीलाच लावून टाकायची. ती भाकरी कडेला जाड व्हायची.

मी घालायला लागलो. पिशवीतलं खाद्य वाटीत ओतायचं, वाटी पुढं सरकवायची. तो हुंगायचा आणि तोंड वळवायचा. कोमट पाण्यात भिजवून बघितलं. दामटून तोंडात घातलं, तर जिभेनं ढकलून बाहेर. गोळी खाद्यात दडवून दिली, तर तेव्हापासून वाटीचा आवाज आला तरी उठून लांब जायला लागला. मी घड्याळात बघायचो. शाळेची वेळ व्हायची. "भूक लागली की खाईल," म्हणून निघून जायचो. तो खात नव्हता. अंगावरची हाडं मोजता यायला लागली. पथ्य शंभर टक्के पाळलं जात होतं आणि कुत्रा उपाशी मरत होता.

अठराव्या दिवशी त्याला पुन्हा दवाखान्यात नेलं. आई न बोलता गाडीत येऊन बसली. बाईंनी त्याला कातडीखाली सलाईन दिलं, मळमळ थांबायचं इंजेक्शन दिलं. मग मला जरा कडकच बोलल्या. "सर, पोटात गेलं तरच ते पथ्य. वाटीत राहिलं ते पथ्य नव्हे. उपाशी जनावर आपलंच मांस जाळतं आणि त्याचा कचरा पुन्हा त्याच मूत्रपिंडावर येतो. शिवाय त्याला मळमळत असताना तुम्ही नवं खाद्य तोंडात कोंबलंत. आता त्याच्या डोक्यात त्या वासाची आणि मळमळीची गाठ बसली. योग्य अन्न तो खात नसेल तर खाईल ते अन्न द्यायचं, आणि हळूहळू त्यालाच योग्य करत न्यायचं."

आणि मग त्यांनी एक गोष्ट सांगितली. अमेरिकेत मॉरिस फ्रँक म्हणून एक अंध गृहस्थ होते. त्यांना वाट दाखवणारा कुत्रा होता, बडी नावाचा. त्याची मूत्रपिंडं बिघडली. न्यू जर्सीतल्या मार्क मॉरिस या पशुवैद्यानं 1939 साली त्या एका कुत्र्यासाठी वेगळं अन्न बसवलं. डॉक्टरांची बायको ते घरी शिजवून काचेच्या बरण्यांत भरायची. प्रवासात बरण्या फुटायला लागल्या तेव्हा पत्र्याचे डबे आले, पुढं कारखाना आला. आज पिशवीतनं मिळतं त्याची सुरुवात तिथं झाली.

आई अठरा दिवसांनी पहिल्यांदा नीट बोलली. "म्हंजे पयलं घरातच शिजवलं हुतं की."

बाई हसल्या. "हो आजी. घरी करता येतं. पण अंदाजानं नाही, मोजून."

त्यांनी कागदावर लिहून दिलं. पांढरा तांदूळ. अंड्याचा पांढरा भाग, कारण त्यात प्रथिनं उत्तम आणि फॉस्फरस नावाला. थोडा उकडलेला लाल भोपळा. ताकदीसाठी तेल किंवा तूप, तेही बेतानं, एकदम फार नाही. शिजवलेल्या कोंबडीचा अगदी ठरावीक तुकडा. वर कॅल्शियमची आणि जीवनसत्त्वांची पूड, त्यांनी सांगितली तेवढीच. त्यांनी हेही बजावलं, की हे माप खंड्याच्या वजनाचं आणि त्याच्या रक्ताच्या कागदाचं आहे; दुसऱ्या कुत्र्याला हेच चालेल असं समजू नका.

आईनं विचारलं, "तांदळाची भाकरी चालंल का?"

"तांदूळच आहे की. मीठ नको."

आमच्या भागात तांदळाची भाकरी कोण करतंय? आईनं सत्तर वर्षांत केली नव्हती. गिरणीतनं पीठ आणलं. पहिल्या दिवशी बाजरीसारखं गार पाण्यात मळलं, भाकरी तव्यावर जायच्या आधीच फाटली. मग कोकणात दिलेल्या माझ्या बहिणीला फोन लावला. तिनं सांगितलं, आधण आणायचं, पीठ त्यात घालून उकड काढायची आणि गरम असतानाच मळायचं. आईचे हात भाजत होते. तिसऱ्या दिवशी एक गोल चानकी जमली. तिनं ती कुस्करली, अंड्याचा पांढरा आणि भोपळा मिसळला, कोमट तुपाचं बोट फिरवलं आणि खंड्याच्या वाटीत न घालता हातावर घेतली.

खंड्या उठला. हुंगलं. तिच्या हातावरून चाटून चाटून खाल्लं. सगळं नाही, निम्मं. पण आई तिथून उठली नाही. अर्ध्या तासानं आणखी दोन घास खाल्ले.

त्या रात्री ती ओट्यावर बसली होती. मी जवळ जाऊन बसलो. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग तीच म्हणाली.

"तू त्या दिवशी गाडीत म्हनलास ना, तात्यास्नी म्यां असंच घातलं म्हून. घातलं. दर रव्वारी घातलं. नखाएवढा खरडा. त्येंनी मागितला म्हून घातला. म्यां नको म्हनलं तवा म्हनले, 'मला समदं ठावं हाय. पोराला वाटतंय म्यां जगावं, जगतोय की त्याच्यासाटी. पर रव्वारचा एक घास माझा मला र्‍हाऊ दी.' आता सांग, म्यां काय करायचं हुतं?"

मी काय सांगणार?

थोड्या वेळानं ती पुन्हा म्हणाली, "पर खंड्याचं माझं चुकलं. तुझ्या तात्यास्नी ठावं हुतं, काय खातोय आन् त्याचं काय व्हनार. ह्या मुक्याला काय ठावं? ह्यो निस्ता मागतोय. म्यां माझ्या जिवाला बरं वाटावं म्हून दिलं."

मी मुलांना बावीस वर्षं मूल्यशिक्षण शिकवत होतो. पण हा फरक मला कधी असा सरळ मांडता आला नव्हता. मागणं वेगळं आणि जाणून मागणं वेगळं. तात्यांचा घास त्यांचा होता. तो काढून घ्यायचा अधिकार माझ्या तक्त्याला नव्हता, फार तर विनवणी करायचा होता. खंड्याच्या बाबतीत मात्र ठरवावं आपल्यालाच लागतं. त्यातून सुटका नाही. आणि आपण ठरवणार असू, तर कशासाठी ठरवतोय हेही आपल्यालाच विचारावं लागतं.

गावात लोक म्हणायचे, "मास्तर, म्हातारं कुत्रं हाय, खाऊ द्या की. आज हाय उद्या न्हाई." त्यात खोटं काही नव्हतं. कुत्र्याला उद्या नसतो. पुढच्या सहा महिन्यांसाठी आजची चानकी सोड, हा सौदा त्याला कळत नाही, म्हणून तो त्याच्या वतीनं करायला आपण कोण, असा प्रश्न मलाही पडायचा. पण मी त्याच्याकडं बघत गेलो तसं उत्तर वेगळं दिसायला लागलं. दुधातली चानकी खाल्ल्यावर पहाटे त्याला पिवळी उलटी व्हायची. रक्तात विष साठलं की तोंडात फोड येतात, मग खायचं असूनही खाता येत नाही. हे त्याचं उद्याचं दुःख नव्हतं, आजचंच होतं. तांदळावर आल्यापासून उलटी क्वचित झाली, रात्रीचं कण्हणं थांबलं, तो पुन्हा उन्हाला अंगणात येऊन पडायला लागला. पथ्य दिवस वाढवायला पाळतात अशी माझी समजूत होती. त्याचा आजचा दिवस हलका होत असेल तरच ते पाळायचं, हे मला खंड्यानं शिकवलं. दिवस वाढले तर तो वरकड नफा.

दुसरी गोष्ट मला जास्त टोचली. मी पथ्य 'लावलं' होतं. त्याची मला काही झळ नव्हती. पिशवी मुलीनं पाठवली, तक्ता मी लिहिला, 'नाही' म्हणालो आणि शाळेत गेलो. ते 'नाही' रोज संध्याकाळी चुलीपाशी आईला म्हणावं लागत होतं, त्याच्या डोळ्यांत बघून. तिला ते जमलं नाही, तिनं चोरून दिलं. मग तिनंच हात भाजून घेत त्याला चालेल अशी चानकी शोधली. नामदेवांची गोष्ट आपण सगळे ऐकत आलोय. कुत्र्यानं भाकरी पळवली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागं पळाले, कोरडी खाऊ नकोस म्हणून. कुत्र्यात देव बघावा एवढाच अर्थ मी त्यातनं घेत होतो. आता मला त्यातलं पळणं दिसतं. नामदेवांनी भाकरी काढून घेतली नाही आणि कोरडीही राहू दिली नाही. स्वतः धापा टाकत मागं गेले. ज्याला दुसऱ्याच्या तोंडचा घास अडवायचा आहे, त्यानं एवढं पळायची तयारी ठेवावी. नुसतं अडवणं फार स्वस्त पडतं.

डिसेंबरात चंपाषष्ठी आली. आमच्याकडं त्या दिवशी तळी भरतात, वांग्याचं भरीत आणि बाजरीचे रोडगे यांचा नैवेद्य असतो आणि त्यातला पहिला वाटा कुत्र्याला. कुत्रं खंडोबाचं. शेजारची आक्का नैवेद्याचं ताट बघून म्हणाली, "वयनी, खंड्याला भरीत-रोडगा घाल की. देवाच्या परसादानं काय व्हतंय?"

भरितात कांदा, लसूण, मीठ. मी आईकडं बघितलं. मी तोंड उघडणार होतो, पण उघडलं नाही. आई आत गेली. पहाटेच तिनं तांदळाच्या पिठाचा एक छोटा रोडगा वेगळा भाजून ठेवला होता. भाजलेल्या वांग्याचा कांदा-मीठ घालायच्या आधीचा बोटभर गर काढून ठेवला होता. तो रोडगा तिनं देवापुढं ठेवला, भंडार वाहिला आणि मग खंड्याला घातला. आक्काला म्हणाली, "देव काय मीठ चाखून बघतोय व्हय? कुत्रं जेवलं की त्येला पोचलं."

त्यानंतर खंड्या चौदा महिने होता. 2019 च्या उन्हाळ्यात गावची जनावरं छावणीला गेली, टँकर आठवड्यातून दोनदा यायला लागला, तरी त्याची पाटी आईनं कोरडी ठेवली नाही. भांडी विसळलेलं पाणी झाडांना, चांगलं पाणी त्याला. दर दोन महिन्यांनी रक्त तपासत होतो. आकडा कधी थोडा खाली, बहुधा तिथंच. मग हिवाळ्यात तो एकदम चढला आणि 6 च्या वर गेला. बाईंनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. म्हणाल्या, "आता पथ्य सोडा. त्याला आवडतं ते द्या."

आईनं घरी येऊन बाजरीचं पीठ काढलं. चौदा महिन्यांनी बाजरीची चानकी थापली. मटणाच्या पातळ रश्श्यात कुस्करली. खंड्या बाजेखाली पडलेला होता. वास आला तशी त्यानं मान उचलली. शेपूट दोनदा जमिनीवर आपटलं. आईनं घास त्याच्या नाकाशी नेला. त्यानं हुंगला, जिभेचं टोक लावलं आणि मान पुन्हा खाली ठेवली. खाल्लं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे गेला. बांधावरच्या बोरीखाली त्याला पुरला.

तो न खाल्लेला घास माझ्या मनातनं जात नाही. पथ्य मोडायची परवानगी आली तेव्हा भूकच उरली नव्हती. आपण आजाऱ्याची सगळी आवड शेवटासाठी राखून ठेवतो. म्हणतो, आता कळ काढ, मग बघू. हा आजार असा, की शेवटाला तो आधी भूकच नेतो. मग ती परवानगी कुणाच्या कामाची? आईचा रविवारचा नखाएवढा खरडा तात्यांनी भूक असताना खाल्ला होता. तिनं बरोबरच केलं असं मी आजही छातीठोक म्हणणार नाही. त्या मिठानं काही दिवस गेलेही असतील. पण ते ताट आता माझ्या मनात पूर्वीसारखं टोचत नाही.

खंड्यानंतर आम्ही कुत्रं पाळलं नाही. आता आईचं रक्तदाबाचं औषध सुरू आहे. तिलाही मीठ कमी सांगितलंय. मी या वेळी तक्ता लावला नाही. डॉक्टरांनी काय सांगितलं ते तिला बसवून, दोनदा, नीट सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. बिनमिठाची आमटी ती खाते. पहिले काही दिवस घराला सगळ्यांनाच तशी केली, मग ती ज्याच्या त्याच्या ताटात मीठ घ्यायच्या बोलीवर थांबलो.

परवा रविवारी म्हणाली, "बाळा, खरडा खावासा वाटतोय."

मी उठलो. दोन मिरच्या तव्यावर भाजल्या, लसणाची पाकळी घेतली, शेंगदाण्याचं कूट जास्त घातलं, मीठ चिमटीतलं निम्मं. पाट्यावर रगडलं. तिच्या भाकरीच्या कडेला वाटाण्याएवढा ठेवला आणि तिच्यासमोर बसून राहिलो.

तिनं ताटाकडं बघितलं. "मोजून दिलास व्हय रं?"

"मोजूनच."

"बरं केलंस," म्हणाली आणि भाकरीचा तुकडा मोडला.